महाभारतच कृष्णाला प्रश्न विचारतं
देवाच्या वागण्याला माणसाची नीती लावायची नाही हा तुमचा मुद्दा मला अजिबात पटत नाही, कारण महाभारत स्वतःच ती लावतंय ना. शल्यपर्वात मांडी फुटून पडलेला दुर्योधन कृष्णाला तोंडावर सुनावतो, भीष्म, द्रोण, कर्ण सगळ्यांना तू कपटाने मारवलंस, आणि त्याचं बोलणं संपल्यावर आकाशातून फुलं पडतात ती दुर्योधनावर! पांडव खजील होतात, आणि कृष्णही नाकारत नाही, सरळ सांगतो की नियम पाळून लढला असतात तर हे लोक तुम्हाला हरले नसते.

पुढे स्त्रीपर्वात गांधारी विचारते, तुझ्याकडे ताकद होती, सैन्य होतं, मग हा संहार थांबवला का नाहीस? आणि शाप देते की आजपासून ३६ व्या वर्षी तुझंही कुळ असंच एकमेकांना मारून संपेल. कृष्ण तो शाप स्वीकारतो, आणि मौसलपर्वात तो खरा होतो. उत्तंक ऋषी पण तोच सवाल करून शाप द्यायला निघतात, तिथे मात्र कृष्ण समजूत घालतो, आपण तहाचा प्रयत्न केला होता म्हणतो, ते खरंही आहे, हस्तिनापूरला स्वतः गेलाच होता की तो.

मी कृष्णाला मानते, रोज पूजा करते. पण द्रोणांना मारायला युधिष्ठिराला खोटं बोलायला लावणं मला चूकच वाटतं, आणि 'लीला' म्हणून ते झाकणं म्हणजे गांधारीला गप्प बसवणं आहे, जे व्यासांनी केलं नाही.