मदत हवी आहे : भरतीचं पाणी गटारातून उलटं घरात येतंय, तक्रार नक्की कोणाकडे करायची?

उंबरठा
नमस्कार. तातडीने मदत हवी आहे, येत्या अमावास्येच्या आत. दर उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, आमच्या आळीत गटारातून पाणी उलटं येतं आणि खालच्या घरांत शिरतं. नगरपरिषदेत गेलो तर उत्तर मिळालं, "समुद्राचं पाणी आमच्या अखत्यारीत येत नाही." घरात येतं त्याचं काय? बंदराच्या ऑफिसात गेलो तर ते म्हणतात गटार नगरपरिषदेचं. नक्की कोणाला पत्र द्यायचं तेवढं सांगा. "घर विका, वर डोंगराकडे जागा घ्या" असले सल्ले कृपया नकोत.

पाणकावळा
गाव कुठलं? नगरपरिषद की नगरपंचायत? समोर खाडी आहे की उघडा समुद्र? आणि पाऊस नसतानाही पाणी येतं का?

उंबरठा
गावाचं नाव इथे लिहीत नाही, सगळे ओळखीचे आहेत. कोकणातलं एक गाव, एवढं पुरे. नगरपरिषद. खाडी. उधाणाला येतं हे वर लिहिलंय की.

पाणकावळा
ते वाचलं हो. आषाढातल्या उधाणाला येतं की फाल्गुनातल्यालाही? सगळं त्यावर अवलंबून आहे.

बिजागरी
यात एवढं विचारण्यासारखं काय आहे? गटाराच्या तोंडाला एकतर्फी झडप बसवायची. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडते, भरतीला बाहेरच्या दाबाने बंद होते. वीज नको, माणूस नको. मी नोकरीत असताना अशा कितीतरी बसवून घेतल्या आहेत. "झडप बसवा" एवढंच पत्र द्या.

मोरी_नंबर_दोन
आणि कितीतरी गंजून उघड्या पडलेल्या आम्ही पाहिल्या आहेत! एक प्लास्टिकची पिशवी अडकली की झडप अर्धवट उघडी राहते. शिवाय भरतीला झडप बंद आणि त्याच वेळी वरून मुसळधार पाऊस, मग आतलं पाणी जाणार कुठे? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला, त्यानंतर मुंबईत हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह इथे पंपिंग स्टेशनं उभी राहिली, ती हौसेने नाही. पंप हवेत.

बिजागरी
इथली नगरपरिषद बोअरच्या पंपाचं वीजबिल भरताना रडते, आणि तुम्ही तिला पंपिंग स्टेशन बांधायला सांगताय. गाळ काढला, दर पावसाळ्याआधी बिजागरीला वंगण दिलं तर झडप चालते. देखभाल न करणं हा झडपेचा दोष नव्हे.

गोडं_पाणी
विहीर मचूळ झाली असेल तर घाबरू नका. खारं पाणी जड असतं, ते खाली राहतं. उपसा वाढला की ते वर चढतं. मोटर सलग चालवू नका, थोडं थोडं उपसा. आमच्याकडे दोन पावसाळ्यांत फरक पडला.

उंबरठा
आमच्याकडे विहीर नाही.

कोळंब
खाडीच्या तोंडाशी कांदळ (खारफुटीची झाडं) माजलं असणार. चार माणसं लावून तोडून घ्या, पाणी आपोआप निघून जाईल. कोणाला पत्र नको नि काही नको.

अर्ज_विनंती
कृपया असलं काही करू नका! मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालाने कांदळवन तोडायला राज्यभर बंदी आहे. सार्वजनिक हिताच्या कामासाठीही न्यायालयाची परवानगी लागते. भोवतालच्या ५० मीटरांत भराव आणि बांधकामही चालत नाही. आणि तक्रार पाणी आत येतं अशी आहे, बाहेर जात नाही अशी नाही. कांदळामुळे लाटेचा जोर उलट कमी होतो.

आता मूळ प्रश्न. पत्र मुख्याधिकाऱ्यांनाच द्या. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ४९ प्रमाणे गटारं हे नगरपरिषदेचं बंधनकारक काम आहे, त्यात कुठलं पाणी वाहतं हा प्रश्न दुय्यम. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. तोंडी तक्रारीची किंमत शून्य.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. "आमच्याकडे येत नाही" हे तोंडाने म्हणता येतं, त्या अर्जावर असं म्हणून चालत नाही. विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवून तसं तुम्हाला कळवावं लागतं. म्हणजे कोणाची जबाबदारी ते शोधायचं काम तेच तुमच्यासाठी करतील. अर्ज दीडशे शब्दांत, एकाच विषयाचा. "का केलं नाही" असं विचारू नका, कागद मागा.

मोरी_नंबर_दोन
पाणी पुढच्या आठवड्यात येणार आणि उत्तर तीस दिवसांनी. छान.

अर्ज_विनंती
मग पंप तोवर बांधून होईल का?

जेटीवरचा
खरा रोग पर्यटकांच्या गाड्यांचा आहे. शनिवार-रविवार किनाऱ्याच्या रस्त्यावर चालायला जागा नाही, गटारावरची झाकणं त्यांनीच फोडली. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडून आला की काम होईल असं सांगत होते. २०१६ ला आणलं, २०२० ला काढलं, २०२२ ला परत आणलं. गटार तिथेच!

पाणकावळा
गाड्यांचा वेगळा धागा आहे. उंबरठा, उत्तर राहिलं. पाऊस नसताना?

उंबरठा
हो, येतं. होळीच्या पौर्णिमेलाही आलं होतं, कडक उन्हात. पूर्वी असं नव्हतं. खाडीलगतचा रस्ता उंच केला आणि नवीन गटार बांधलं तेव्हापासून. जुन्या बांधाला उघाडी होती, ती त्या कामात गेली.

पाणकावळा
अहो, हे इतक्या उशिरा सांगताय?

बिजागरी
उघाडी म्हणजे आमची झडपच की! फळ्यांची असेल, पण काम तेच. मी पहिल्यापासून काय सांगतोय?

अर्ज_विनंती
मग दिशा थोडी बदला. तो बांध खारभूमीचा, म्हणजे भरतीचं खारं पाणी जमिनीत शिरू नये म्हणून घातलेला, होता का, ते आळीतल्या म्हाताऱ्यांना विचारा. तसा असेल तर खारभूमी विभागाकडे उघाडीची नोंद असायला हवी. रस्ता नगरपरिषदेने केला की सार्वजनिक बांधकामने? ज्याने केला त्याच्याकडे मागायचं ते असं: कामाचं अंदाजपत्रक, मंजूर नकाशा, गटाराच्या तोंडाची पातळी आणि उघाडी काढण्याचा आदेश. आदेश नसेल तर "अभिलेख उपलब्ध नाही" असं लेखी मिळेल, ते आणखी चांगलं. तो कागद घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयातल्या लोकशाही दिनाला (लोकांच्या तक्रारी ऐकण्याच्या दिवशी) जा, तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. त्याआधी तालुक्याला अर्ज केलेला हवा, नाहीतर परत पाठवतात.

उंबरठा
रस्ता कोणी केला माहीत नाही, कामाचा फलक कधी लागलाच नाही. पण हे पटलं. उद्या पत्र आणि अर्ज दोन्ही देतो. येत्या अमावास्येचं काय करू?

पाणकावळा
सर्वांत मोठं पाणी बहुधा अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी असतं, तेव्हा त्या दिवशी नाही आलं म्हणून सुटलो समजू नका. भरतीच्या वेळेसाठी तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. प्रतिपदेला पाऊण वाजता, द्वितीयेला दीड वाजता, गावागणिक थोडं मागेपुढे. दाराच्या चौकटीला खाच करून फळी बसवा, फटीला चिकणमाती. न्हाणीघराची जाळी आतून बंद करा, बरंचसं पाणी तिथूनच येतं. भरतीच्या ऐन वेळी गटाराचे फोटो तारीख-वेळेसह काढा आणि ओहोटीला त्याच जागेचे पुन्हा. सोबत आळीतल्या सगळ्यांच्या सह्या घ्या.

मोरी_नंबर_दोन
सह्या घ्याच. एकट्याचा अर्ज फायलीत जातो. (आणि पंपाचं माझं म्हणणं कायम आहे.)

गोडं_पाणी
शेजाऱ्यांकडे तरी विहीर असेलच ना?

सागवानी
आमच्याकडे उधाणाला गटारातून नाही, थेट संडासाच्या भांड्यातून पाणी वर येतं. नगरपरिषद म्हणते शोषखड्डा तुमचा, तुम्ही बघा. इथेच विचारू की वेगळा धागा काढू?