मदत हवी आहे: काल्पी ते ग्वाल्हेर, सर ह्यू रोजच्या फौजेचा मार्ग (१८५८)

जनरल ह्यू रोजच्या मध्य भारतातल्या मोहिमेचा नकाशा काढतोय. सागर (३ फेब्रुवारी), बेटवा (१ एप्रिल), झाशीवरचा हल्ला (३ एप्रिल), कोंच (७ मे), काल्पी (२३ मे) इथपर्यंत गाडी रुळावर आहे. पुढे अडलोय.

काल्पीनंतर रोज आजारी रजेवर निघाला होता. तेवढ्यात तात्या टोपे, रावसाहेब आणि राणीने ग्वाल्हेर घेतलं, आणि गडी बिगीबिगी परत कामावर! १६ जूनला तो ग्वाल्हेरजवळच्या मुरारला पोचला. मधले मुक्काम कोणते, हे हवंय.

रोजचे खलिते स्कॅन प्रतीत वाचलेत, पण घडीचा नकाशा न उलगडताच स्कॅन केलाय. दिसतो फक्त कोपरा आणि कुणाचा तरी अंगठा. गावांची स्पेलिंगंही अशी की आजच्या नकाशावर सापडत नाहीत. कोटा की सराईची लढाई (१७ जून) नकोय, ती ब्रिगेडियर स्मिथची वेगळी तुकडी होती. कादंबऱ्याही नकोत. इंग्रजी, हिंदी काहीही चालेल, मोडीसुद्धा वाचता येते.

तर काल्पी ते मुरार हे मुक्काम तारखांसकट कुठे मिळतील, आणि त्या गावांची आजची नावं काय?