धोंडू हे नाव का ठेवायचे?

रानवारा:
जुनी कागदपत्रं चाळताना पणजोबांचं नाव दिसलं, धोंडू. घरात सगळे आबाच म्हणायचे त्यामुळे मला माहीतच नव्हतं. धोंडा म्हणजे दगड ना, मग पोटच्या पोराला कुणी दगड का म्हणेल? चुलतभाऊ म्हणतो अधिक महिन्यात जन्मले असतील, आई म्हणते आधीची मुलं जगली नव्हती म्हणून. नक्की काय समजायचं?

सांजवात:
दोन्ही असू शकतं. अधिक महिना म्हणजेच धोंड्याचा महिना. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सौर ३६५ चं, दरवर्षी ११ दिवस मागे पडतात ते साचून ३२-३३ महिन्यांनी एक जादा महिना येतो, त्यात झालेल्या मुलाला सर्रास धोंडू म्हणायचे. जन्मतारीख सापडली तर त्या सालचं पंचांग बघा, लगेच कळेल.

कवडसा:
पण आईचं म्हणणं सोडू नका हो. आमच्या आजीच्या पाठचा भाऊ दगडू. आधीची दोन लेकरं गेलेली, म्हणून याला जन्मल्याबरोबर सुपात घालून केरात ठेवलं, शेजारणीने उचललं आणि आईने पसाभर ज्वारी देऊन तिच्याकडून परत विकत घेतलं, म्हणजे हे पोर टाकलेलं आहे, याला दृष्ट लावण्यासारखं काही नाही असं वाटावं. केरू, केरबा ही नावं अशीच आलीत, भिकू-भिकाजी म्हणजे मागून आणलेला, नथू म्हणजे मुलगा असून नाक टोचलेला. आणि दगडू-धोंडूत अजून एक आशा असायची, की दगडासारखा टिकू दे. लोक या नावांना हसतात तेव्हा खरंच वाईट वाटतं, कारण इतक्या जीव तोडून ठेवलेली नावं दुसरी नसतील.

पाटीपेन्सिल:
+१. आणि ही नावं फक्त गरिबाघरची असंही नाही. महर्षी कर्वे म्हणजे धोंडो केशव कर्वे, १८५८ चा जन्म, १०४ वर्षं जगले, १९५८ ला भारतरत्न. १८५७ चे नानासाहेब पेशवे धोंडोपंत. गणिती छत्रे तर केरूनाना म्हणूनच ओळखले जातात.

रानवारा:
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच आत्याला फोन केला. आबांच्या आधीची दोघं गेली होती, आणि आबांच्या उजव्या नाकपुडीवर टोचल्याची बारीक खूण होती, म्हातारपणीसुद्धा दिसायची म्हणे.