मदत हवी आहे: घरच्या केशराला ना रंग ना वास

गोकर्णी
दोन वर्षं वाट बघून कुंडीतल्या केशराला यंदा एकदाची फुलं आली. लाल काड्या काढल्या, भातात घातल्या. वास शून्य. रंग म्हणावा तर मधूनच लाल ठिपके, बाकी भात पांढराफटक. वर आधीच सगळ्यांना ‘घरचं केशर आहे हं’ म्हणून सांगून ठेवलेलं! कंद फसवे निघाले का? थोड्या काड्या शिल्लक आहेत आणि उद्या पुन्हा करून बघायचंय, त्यामुळे लवकर सांगा. ‘विकतचं आणा’ हे मलाही सुचलेलं आहे, ते कृपया कोणी लिहू नये.

अर्धवट_माळी
फुलं किती आली? कंद केवढे होते? कुंडी किती खोल? ऊन किती तास? काहीच लिहिलेलं नाही, मग सांगणार काय.

गोकर्णी
फुलं १४. पण प्रश्न फुलांचा नाहीये, वासाचा आहे.

तिरकस
विकतचं आणा.
(राहवलं नाही.)

बाराखडी
मस्करी राहू द्या, आधी एक सांगा. फुलात पिवळे पुंकेसर किती होते, तीन की सहा? कोल्चिकम नावाचं एक कंदाचं झाड आहे. तेही शरदातच फुलतं, फूलही तसंच जांभळट. त्यात कोल्चिसीन असतं, आणि ते जीवघेणं विष आहे. केशराला पुंकेसर तीन, कोल्चिकमला सहा. हे कळेपर्यंत उरलेल्या काड्या तोंडात घालू नका.

गोकर्णी
घाबरवू नका हो! भात खाऊन चार दिवस झाले, सगळे ठणठणीत आहेत. फुलं टाकून दिली, पण फोटो आहे. मोठा करून पाहिला: पिवळे तीनच. लाल काड्याही तीन, लांबलचक, पाकळ्यांच्या बाहेर लोंबणाऱ्या. पाती गवतासारखी बारीक, मधोमध पांढरी रेघ.

बाराखडी
मग केशरच. लाल लोंबत्या काड्या कोल्चिकमला नसतात. सुटलो.

फुलपात्र
अस्सल केशर ओळखायची सोपी युक्ती: थंड पाण्यात काडी टाका. झटकन लाल रंग सुटला आणि काडी फिकी पडली तर बनावट. खऱ्या केशराचा रंग हळूहळू आणि पिवळा उतरतो, काडी लालच राहते. बाजारात करडईच्या पाकळ्या रंगवून सर्रास विकतात.

तिरकस
त्यांनी स्वतः उगवलंय हो. कुंडीने भेसळ केली म्हणता?

नत्रवायू
भातात घालण्याआधी काड्या वाळवल्या होत्या का?

गोकर्णी
नाही. ताज्याच घातल्या. ताजं ते चांगलं ना?

नत्रवायू
इथेच गाडं अडलंय. ताज्या केशराला तो वास नसतोच, हुंगलं तर फार तर गवतासारखं लागेल. त्यात पिक्रोक्रोसिन नावाचं कडवट द्रव्य असतं. काड्या वाळताना ते तुटून सॅफ्रनाल तयार होतं, आणि आपण ज्याला केशराचा वास म्हणतो तो त्याचा. रंगाचं द्रव्य वेगळं, क्रोसिन. ते ताज्या काडीतही असतं, म्हणजे रंग तरी यायला हवा होता. काड्या घातल्या कशा?

गोकर्णी
तुपात परतून. तूप कडकडीत तापवलं, काड्या टाकल्या, वरून शिजलेला मोकळा भात.

नत्रवायू
क्रोसिन पाण्यात विरघळतं, तुपात नाही. तुपात रंग सुटणार कुठून? काड्या वाळवा, खलात चिमूटभर साखरेबरोबर कुटा, कोमट पाण्यात किंवा दुधात अर्धा तास भिजवा आणि ते पाणी काड्यांसकट भातात घाला. तूप नंतर हवं तेवढं.

चुलीवरची
साखर कशाला? मी दगडी खलात नुसतंच कुटते. आणि दूध उकळतं घ्यावं, कोमटाने काय होणार!

नत्रवायू
साखरेचे कण काड्या घासून बारीक करतात, एवढंच. मिठानेही होतं. दूध उकळतं घेतलं तर रंग येईल, वास मात्र वाफेबरोबर घरभर जाईल.

चुलीवरची
माझ्या घरभर छान वास येतो. मला चालतं.

अर्धवट_माळी
वाळवायला उन्हात ठेवा, दोन-तीन दिवस. काश्मीरमध्ये उन्हातच वाळवतात.

नत्रवायू
उजेडाने क्रोसिन उडतं. स्पेनमध्ये ला मांचाकडे चाळणीत पसरून मंद आचेवर शेकतात, रंग जास्त टिकतो. घरी ओव्हन सगळ्यात कमी आचेवर ठेवा, ५० ते ६० अंश, दार किंचित उघडं. एवढ्याशा काड्यांना वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. बोटात धरल्यावर तुटायला हवी, वाकली तर अजून ओल आहे.

अर्धवट_माळी
पिढ्यान्‌पिढ्या उन्हात वाळवणारे लोक खुळे होते का?

नत्रवायू
असं मी कुठे म्हटलं? त्यांच्याकडे परातीभर काड्या असतात, यांच्याकडे चिमूट आहे. चिमटीतली वाऱ्याने उडून जाईल, रंग जायच्या आधी.

बाराखडी
गोकर्णी, उरलेल्या काड्या आत्ता कशात आहेत?

गोकर्णी
डबीत, घट्ट झाकण लावून, फ्रीजमध्ये.

बाराखडी
ओल्या काड्या बंद डबीत?! बाहेर काढा आधी. बुरशी दिसली तर टाकून द्या, धुऊन वापरू नका.

एक_खोली
मातीशिवाय खोलीत केशर घेता येतं असं पाहिलंय. १४ फुलांत किती ग्रॅम निघालं? धंदा म्हणून जमेल का?

अर्धवट_माळी
एक ग्रॅम वाळलेल्या केशराला साधारण १५० फुलं लागतात. म्हणजे यांचं ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाएवढं. वाळून पाचातला एकच हिस्सा उरतो. मातीशिवाय फुलं येतात हे खरं, कारण उन्हाळ्यात कंद झोपलेला दिसतो तेव्हाच आत फूल तयार होत असतं. पण फुलं झाल्यावर तो मातीत आणि उजेडात न्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या वर्षी हातात फोलपट.

चुलीवरची
फुलं वाढवायची तर कंद उन्हाळाभर फ्रीजमध्ये ठेवा. माझे ट्यूलिप असेच फुलतात.

अर्धवट_माळी
ट्यूलिपचा न्याय केशराला लावू नका! याला उन्हाळ्यात ऊबच लागते, २३ ते २७ अंशांत दोनेक महिने. तेव्हा आत फूल धरतं. मग हवा १७ अंशांच्या आसपास उतरली की कोंब बाहेर येतो. उन्हाळा फ्रीजमध्ये काढलेल्या कंदाला नुसती पाती येईल.

चुलीवरची
बरं बाबा. ट्यूलिप तर येतात ना माझे.

गोकर्णी
बुरशी नव्हती. ओव्हनमध्ये वीस मिनिटं ठेवल्या, चांगल्या कडक झाल्या, पण आक्रसून अर्ध्याही राहिल्या नाहीत, बघून पोटात गोळाच आला. सात-आठ काड्या साखरेत कुटून कोमट दुधात ठेवल्या. पाच मिनिटांत काही नाही, मी शिव्या घालायच्याच बेतात होते. अर्ध्या तासाने दूध पिवळंधमक! वासही आहे, अजून हलका आहे, पण आहे.

नत्रवायू
बाकीच्या काड्या पूर्ण गार झाल्यावर अंधारात, हवाबंद डबीत ठेवा. महिन्याभराने उघडाल तेव्हा वास आणखी धरलेला असेल. आणि जास्त वाटतं म्हणून जास्त घालू नका, कडू होतं.

गोकर्णी
सगळ्यांचे आभार. दुसऱ्या फेरीत सगळी फुलं एकदम यावीत म्हणून परवा पाती छाटून कुंडी स्वच्छ करून ठेवलीय. खत कोणतं घालू?

अर्धवट_माळी
पाती छाटली???

बाराखडी
अरे देवा.

गोकर्णी
फुलं संपली होती ना? पाती उगाच पसरून पडली होती, कुंडीचा अवतार झाला होता.

अर्धवट_माळी
दुसरी फेरी वगैरे नसते हो, वर्षातून एकदाच. आणि खरं काम आता पातीचंच असतं. केशराला बी धरत नाही. जुना कंद संपतो आणि त्याच्या डोक्यावर नवे कंद धरतात, ते या पातीने बनवलेल्या अन्नावर पोसतात. नवा कंद ८ ग्रॅमच्या खाली राहिला तर फूल येणं कठीण. तुमचं पहिलं वर्ष कोरडं गेलं ते बहुधा म्हणूनच. किती ठेवलीय पाती?

गोकर्णी
तीन बोटं असेल. एका कुंडीची. दुसरी छाटायची राहिलीय.

अर्धवट_माळी
दुसरीला हात लावू नका. दोन्ही कुंड्या भरपूर उन्हात न्या, वरची माती वाळल्याशिवाय पाणी नको, कंद कुजतात. पाती आपोआप पिवळी पडून वाळेपर्यंत तशीच राहू द्या, अवतार झाला तरी.

गोकर्णी
नेल्या. छाटलेली पाती अजून कचऱ्याच्या डब्यात दिसतेय, वाईट वाटतंय.

एक_खोली
पण एका खोलीत साधारण किती कंद बसतील?