मदत हवी आहे: मुलीच्या कॉन्व्हेंटच्या गॅदरिंगमध्ये अहिराणी कार्यक्रम बसवायचा आहे

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी नववीत आहे. धुळ्याजवळच्या आमच्या गावातून रोज एसटीने शहरातल्या कॉन्व्हेंटमध्ये जाते. जानेवारीत त्यांचं गॅदरिंग आहे. शाळेत चार हाऊस आहेत आणि प्रत्येक हाऊसला आठ मिनिटांचा कार्यक्रम मुलांनी स्वतः बसवून करायचा असतो. यंदाचा विषय आहे ‘आपली माती’. लेक ग्रीन हाऊसची व्हाइस कॅप्टन. तिने मीटिंगमध्ये उठून सांगितलं की आपण अहिराणीत करू या. हाऊसच्या सिस्टर केरळच्या आहेत, त्यांना अहिराणीचा गंध नाही, तरी त्या लगेच हो म्हणाल्या. अट एवढीच की प्रत्येक ओळीचा अर्थ लिहून द्यायचा आणि सुरुवातीचं निवेदन इंग्रजीत करायचं. मला ही अट रास्त वाटते.

खरी अडचण वेगळीच आहे. अहिराणी म्हटलं की निम्म्या पोरांना वरातीतली डीजेची गाणीच आठवतात. ‘तेच लावू, सगळे नाचतील, पहिला नंबर आपलाच,’ असं म्हणणं आहे. वरातीत ती गाणी वाजावीत, माझं काही म्हणणं नाही. पण स्टेजवर अहिराणी येते ती कायम हसवायलाच. नाटकात गडी अहिराणी बोलतो, मालक शुद्ध मराठी बोलतो आणि लोक गड्याला हसतात. माझ्या सासूबाईंनी आख्खा संसार, शेतातले व्यवहार, मयतीचं रडणंसुद्धा याच भाषेत केलं. लेकीला ती भाषा एकदा तरी कुणी न हसता ऐकावी असं वाटतं, आणि मलाही मनापासून तेच वाटतं.

आमच्या डोक्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आहे. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराई बसते, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी. सासूबाईंना झोक्यावरची बरीच गाणी येतात, लेकीने ती मोबाइलवर रेकॉर्ड करून वहीत उतरवलीत. कानबाईची गाणी तर त्यांना याहून जास्त येतात, पण ती नको असं त्यांनीच सांगितलं. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसवायची, सोमवारी विसर्जन करायचं, रोटांचं सोवळं पाळायचं, ते व्रत आहे, त्याचा डान्स करायचा नाही. मला पटलं.

आता प्रश्न. एक म्हणजे झोका स्टेजवर दाखवायचा कसा? हॉलच्या छताला काहीही टांगायला शाळेची सक्त मनाई आहे. दुसरं, नावं दिलेल्या बावीस मुलांत घरी अहिराणी बोलणारी पाच-सहाच आहेत. बाकीची गुजराती, मारवाडी, हिंदी बोलणारी, दोघी जळगावकडच्या लेवा बोलीच्या. त्यांच्याकडून पाठांतर कसं करून घ्यावं की पोपटपंची वाटणार नाही? आणि झोक्याच्या गाण्यांत सासू-नणंदेला चांगलंच बोलून घेतलेली कडवी आहेत. सिस्टरांना अर्थ द्यायचाय म्हणून लेक विचारते, ती ठेवू की गाळू?

सरावाला वेळ फार कमी आहे. डिसेंबरात त्या शाळेत सगळं एकाच वेळी चालू असतं: क्रिसमसच्या कॅरल, वर्गावर्गांत क्रिबची (येशूजन्माच्या देखाव्याची) स्पर्धा, स्पोर्ट्स डेचा मार्च पास्ट. लेक कॅरलच्या ग्रुपमध्येही आहे. (आमचं घर वारकऱ्यांचं, पण महिनाभर स्वयंपाकघरात कॅरल चालू असतात आणि सासूबाईंनी दोन चाली उचलल्यासुद्धा.) गाण्यांचा सराव शाळा सुटल्यावर बास्केटबॉलच्या कोर्टवर होतो आणि आमची गाडी साडेपाचची. अहिल्याबाई होळकर योजनेतला पास असल्याने भाड्याचा प्रश्न नाही, पण ती गाडी चुकली तर पुढची अंधारात येते.

कुणी शाळेत असं काही बसवलं असेल तर सांगा.

पांझराकाठ:
ताई, आखाजीच ठेवा. मी शाळेत बरीच वर्षं गॅदरिंग बसवतो आहे, त्यावरून सांगतो. झोका टांगायचा नाही. दोन नऊवारी लुगडी पीळ देऊन दोरासारखी करा. दोन्ही बाजूंना दोन-दोन उंच मुलं स्टुलावर उभी करून वरची टोकं त्यांच्या हातात द्या. खालची टोकं मधली मुलगी मुठीत धरेल. तिने बसायचं नाही. उभ्याने गुडघ्यात वाकून पुढे-मागे जायचं आणि मागच्या सगळ्या मुलींनी त्याच लयीत डुलायचं. प्रेक्षकांना झोका बरोबर दिसतो. स्टुलं मात्र लोखंडी घ्या, आणि प्रत्येक स्टुलाला एक जण धरून बसवा.

गाणाऱ्या वेगळ्या, नाचणाऱ्या वेगळ्या. नाचताना धाप लागते, आवाज जातो. अहिराणी येणाऱ्या पाच-सहा जणी स्टँडच्या माइकपाशी बाजूला उभ्या करा. या गाण्यांत एक जण ओळ म्हणते आणि बाकीच्या शेवटचा तुकडा झेलतात, त्यामुळे बाकीच्या सोळा जणांना फक्त तो तुकडा पाठ लागतो. पोपटपंची टाळायची तर आधी चाल, मग अर्थ, आणि शब्द सगळ्यात शेवटी. आणि ट्रॅक लावू नका. एक ढोलकी पुरते.

केळीबाग:
जळगावहून लिहितोय. तुम्हाला दहा जण सांगतील की बहिणाबाई घ्या. घ्या, विषय मातीचाच आहे. पण निवेदनात ‘अहिराणी कविता’ म्हणू नका. बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या, त्यांची बोली लेवा. आमच्याकडे यावरून माणसं खरोखर दुखावतात. तुमच्याकडे लेवा बोलणाऱ्या दोघी आहेतच, त्यांना तीसेक सेकंद त्यांच्या बोलीत बोलू द्या. खानदेश म्हणजे फक्त अहिराणी नाही, हेही त्यातून दिसेल.

सातपुड्याचा:
विषय माती आहे तर नंदुरबारचा शिरीषकुमार का नाही? 9 सप्टेंबर 1942 ला पोलिसांच्या गोळीबारात गेला तेव्हा शाळकरी मुलगाच होता. तिरंगा हातात घेतलेल्या पोरांच्या मिरवणुकीचा प्रसंग स्टेजवर अंगावर येतो. बघायला आलेल्या पालकांनाही भिडेल.

गिरणाकाठची:
सासू-नणंदेची कडवी अजिबात गाळू नका! त्यासाठीच तर ती गाणी आहेत. वर्षभर तोंड मिटून राहिलेली लेक माहेरच्या झोक्यावर मोकळी होते. सिस्टरांना एवढंच लिहून द्या की लेक माहेरी आल्यावर मनातलं बोलते. त्या स्वतः घर सोडून एवढ्या लांब आलेल्या आहेत, त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. फक्त शिवी असलेलं कडवं असेल तर तेवढं वगळा, समोर पाचवी-सहावीची मुलं बसलेली असतात.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. लुगड्याचा झोका काल अंगणात करून पाहिला. पीळ सैल पडला की टोक हातातून निसटतं, म्हणून सासूबाईंनी दोन्ही टोकांना गाठी मारून दिल्या. आता नीट जमतो.

गिरणाकाठची ताई, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. कडवी ठेवतोय. लेवा बोलणाऱ्या दोघींना विचारलं, एक तयार आहे, दुसरी म्हणते शाळेत सगळ्यांना कळेल की आम्ही घरी असं बोलतो. तिच्यावर जबरदस्ती करणार नाही, पण लेक तिच्याशी बोलणार आहे. सातपुड्याचा भाऊ, शिरीषकुमारचा प्रसंग आठ मिनिटांत आखाजीबरोबर बसणार नाही, पण तो 15 ऑगस्टसाठी सुचवायचं लेकीने ठरवलंय. डीजेवाल्या पोरांनाही काम मिळालं: चौघं स्टुलावर, एक ढोलकीवर. ढोलकी मिळाल्यापासून तक्रार नाही.

अजून एक मदत लागेल. इंग्रजी निवेदनानंतर लेक एकच वाक्य अहिराणीत बोलणार आहे: ‘मन्हा गावमा आखाजीले निंबले झोका बांधतस.’ आमच्या घरी असंच म्हणतात. पण हाऊसमधला एक मुलगा मालेगावकडचा, एक साक्रीकडचा, दोघं दोन तऱ्हेने म्हणतात आणि रोज वाद होतो. सटाणा, साक्री, शिरपूर, चाळीसगाव, जिथले असाल तिथे हे वाक्य कसं बोलतात ते लिहाल का? वेगवेगळं असेल तर चार मुलांनी चार तऱ्हांनी म्हणावं असा विचार आहे. स्क्रिप्ट सिस्टरांकडे शनिवारी द्यायची आहे.