सगळे डाग एकाच मापाने का मोजायचे? सदोष जुन्या नाण्यांचा दर्जा आणि किंमत

भिंगवाला

परवा एका लिलावाची यादी चाळत होतो. त्यात १८७५ चा अमेरिकी ट्रेड डॉलर होता, म्हणजे आशियाशी व्यापारासाठी पाडलेलं चांदीचं नाणं. गरुडाची पिसं सुटी सुटी मोजता येत होती, कड शाबूत होती आणि दर्शनी बाजूच्या मोकळ्या जागेत चिनी व्यापाऱ्यांनी मारलेले दोन बारीक ठसे, म्हणजे चॉप मार्क, होते. शेरा काय, तर 'खराब'. दोन ओळींखाली दुसरा डॉलर, कुणीतरी आम्लात बुडवून पांढराफटक केलेला, सगळी झळाळी गेलेली. त्यालाही शेरा तोच, 'खराब'.

मला हे पटत नाही. दोष कधी आणि कुणाच्या हातून झाला, हे दर्जा ठरवताना पाहायलाच हवं. टांकसाळीत राहिलेला दोष हा नाण्याच्या जन्माचा भाग आहे, त्याचे गुण कापू नयेत. व्यवहारात पडलेली खूण, म्हणजे चीनमधले चॉप मार्क, मुघल रुपयांवरच्या सराफी खुणा, अथेन्सच्या घुबडाच्या नाण्यांवर छिन्नीने दिलेले छेद, यांचे थोडे कापा, पण 'खराब' म्हणू नका. त्या खुणा नाणं चाललं, तपासलं गेलं, खरं ठरलं, याची साक्ष आहेत. चांदीच्या पत्र्याखाली तांबं दडवलेली नकली नाणी प्राचीन ग्रीक बाजारातही फिरत होती, म्हणून तर छिन्नी मारत. आणि तिसरा दोष आपला, संग्राहकांचा: घासणं, पॉलिश, कोरून उठाव वाढवणं. सगळ्यात जड दंड याला हवा.

आकड्यांची सवय आपल्याला अमेरिकी नाणेअभ्यासक शेल्डनच्या १ ते ७० च्या दर्जाश्रेणीने लावली. १९४९ साली ती आली तेव्हा आकडा म्हणजेच किंमत होती: ७० चं नाणं १ च्या सत्तरपट. ते गणित बाजाराने कधीच मोडलं, पण एक आकडा बघून नाण्याचा निकाल लावायची खोड मात्र राहिली.

रोखठोक

भिंगवाले, ऐकायला छान आहे, पण घेणाऱ्याच्या जागी उभे राहून बघा. भोक ते भोक. ते सराफाने पाडलं की गळ्यात घालायला पाडलं, यामुळे ते बुजत नाही.

दोषाला जन्मकथा जोडायची मुभा दिली की ती कथा विकणारा सांगणार. मला एकदा एका विक्रेत्याने चेहऱ्यावर समांतर रेषा असलेलं चांदीचं नाणं दाखवून सांगितलं, "या टांकसाळीतल्या कानशीच्या खुणा आहेत, वजन जुळवायला घासलेल्या." मी भरवशावर घेतलं. विकायला काढलं तेव्हा तीन जणांनी ते 'ओरखडलेलं' म्हणून परत केलं. तेव्हापासून माझा नियम एकच: डोळ्याला दिसतो तो दोष, आणि त्याचे पैसे कापायचे. दोष कुणी केला हे नाण्यावर लिहिलेलं नसतं.

भिंगवाला

रोखठोक, तुमची फसवणूक झाली याचं वाईट वाटतं. पण शेवटचं वाक्य मला मान्य नाही. लिहिलेलं असतं, वाचायला भिंग आणि तिरपा उजेड लागतो.

सगळ्यात सोपी गोष्ट घ्या. रेषा वर उठलेली आहे की आत गेलेली? साच्याला तडा गेला तर धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर उंच रेषा येते. ओरखडा नेहमी खोल असतो. नख नका लावू, दिवा एका बाजूने धरून सावली कुठे पडते ते बघा.

कडेचा तुकडा कापलेला दिसला तर नजर थेट समोरच्या कडेला न्या. चकतीच, म्हणजे ठसा मारण्याआधीचा कोरा तुकडाच, अर्धवट कापली गेली असेल तर कड उचलताना समोर दाब मिळत नाही, आणि बरोबर विरुद्ध बाजूची कड पुसट उमटते. ती तिथे ठणठणीत असेल तर शंका घ्या, बहुतेक कुणीतरी नंतर कात्री चालवली आहे.

आणि कानशीच्या खुणांबद्दल: टांकसाळीत जड चकती ठसा मारण्याआधी घासत. मग ठशाच्या दाबाखाली त्या रेषा चेपल्या जातात, त्यांचे काठ बोथट होतात. जिथे साचा खोल असतो आणि धातू पुरता भरत नाही, तिथे, म्हणजे चित्राच्या उंच भागांवर आणि कडेला, त्या जास्त टिकतात. नंतर कुणी घासलं असेल तर रेषेच्या काठाला धातूची बारीक धार वर आलेली दिसते. तुमचं नाणं अजून जवळ असेल तर एकदा बघा.

१७९४ चा एक अमेरिकी डॉलर २०१३ च्या लिलावात विक्रमी किमतीला गेला. त्याच्यावर अशा कानशीच्या खुणा आहेत, मधोमध वजन भरायला ठोकलेली चांदीची गुळी आहे. तरी पीसीजीएसने, म्हणजे नाण्यांना दर्जा देणाऱ्या अमेरिकी कंपनीने, त्याला ७० पैकी ६६ दिले आहेत.

ताम्रपट

दोघांचंही एका जागी चुकतंय, कारण दोघेही यंत्रावर पाडलेल्या नाण्यांचाच विचार करताय. माझा संग्रह प्राचीन नाण्यांचा. भिंगवाले, तुमच्या हिशेबात साफ केलेलं नाणं म्हणजे सगळ्यात मोठा गुन्हा. पण जमिनीतून निघालेलं जवळजवळ प्रत्येक नाणं कुणीतरी साफ केलेलंच असतं. नाहीतर ते मातीचा गोळाच राहिलं असतं.

शिवाय काही वेळा हात न लावणं हाच दोष ठरतो. तांब्याच्या नाण्यावर गडद, घट्ट बसलेला हिरवा थर असेल तर तो राहू द्या, तो नाण्याचं कवच आहे. पण फिकट हिरवी, टोकरली की भुकटी होणारी पुटकुळी दिसली तर ती क्लोराइडची कीड आहे. ओलावा मिळाला की ती आत पोखरत जाते. असं नाणं 'मूळ अवस्थेत' ठेवायच्या हट्टापायी माझं एक चांगलं रोमन नाणं दोन पावसाळ्यांत खडबडीत झालं. राजाच्या गालावर आता खड्डा आहे. आजही बघवत नाही.

एनजीसी ही दर्जा देणारी दुसरी कंपनी प्राचीन नाण्यांना झिजेच्या दर्जाशिवाय ठशाला ५ पैकी आणि पृष्ठभागाला ५ पैकी वेगळे गुण देते. झीज एकीकडे, ठसा एकीकडे, पृष्ठभाग एकीकडे. मला हीच पद्धत प्रामाणिक वाटते. एका आकड्यात सगळं कोंबायचं, ही खरी अडचण आहे.

रोखठोक

ताम्रपट, प्राचीन नाण्यांपुरतं मान्य. तिथे माझा अधिकार नाही.

पण भिंगवाले, १७९४ चं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. ती किंमत त्या वर्षाची, दुर्मिळतेची आणि बाकीच्या पृष्ठभागाची आहे. गुळीमुळे कुणी जास्त दिलेले नाहीत. दर्जा आणि किंमत यांची सरमिसळ करू नका. दर्जा म्हणजे आज नाणं कसं आहे. दोष का झाला, हे किमतीच्या वाटाघाटीत येऊ द्या, दर्जात नको. टांकसाळीतल्या चुकीमुळे किंमत वाढते हे मला माहीत आहे. १९५५ चा दुहेरी ठशाचा अमेरिकी सेंट लोक शोधत फिरतात. पण तोही झिजलेला असेल तर त्याला झिजलेल्याचाच दर्जा मिळतो, नाही का?

निळीपेटी

मी दोन वर्षांपासून जमवते आहे, म्हणून जपून लिहिते. घरातल्या एका जुन्या डब्यात मला मारिया थेरेसाचा थेलर मिळाला, ऑस्ट्रियाच्या या राणीचं मोठं चांदीचं नाणं, १७८० लिहिलेलं. काळवंडला होता म्हणून मी टूथपेस्टने घासला. पहिल्या दिवशी तो इतका सुंदर दिसला!

नंतर एका चांगल्या संग्राहकाने तो एका दिव्याखाली फिरवून दाखवला. न घासलेल्या नाण्यावर उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. माझ्या नाण्यावर तो फिरतच नव्हता. सगळीकडे केसाएवढ्या बारीक रेषा, एकाच दिशेने, माझ्या बोटाच्या दिशेने. त्या मी केल्या आहेत.

मला रोखठोक यांच्याशी एका बाबतीत सहमत व्हायचं आहे: माझ्या चुकीला दंड हवाच. पण दर्जा देणाऱ्या कंपनीने आकड्याऐवजी 'डिटेल्स, साफ केलेलं' एवढंच लिहिलं की माझा थेलर आणि तारेच्या ब्रशने यंत्रावर घासलेलं नाणं एका रांगेत बसतात. किती नुकसान, हे कुठेच येत नाही. आणि प्लास्टिकच्या पाकिटात ठेवून नाण्यावर आलेला हिरवा चिकट थर, तोही याच खात्यात का?

भिंगवाला

निळीपेटी ताई, तो पीव्हीसीचा चिकटा. मऊ प्लास्टिकमधून आम्ल सुटतं आणि धातूला लागतं. वेळेत सापडला तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवा, घासू नका. ॲसिटोन धातूला खात नाही. खाली खड्डे पडलेले नसतील तर नाणं वाचलं. म्हणून तो वेगळा लिहायला हवा: दोष आहे, पण जाण्यासारखा आहे.

रोखठोक, तुमचा मुद्दा मी दोन दिवस मनात घोळवला. टांकसाळीतल्या दोषाचे गुण कापू नयेत, हे मी फार सरसकट लिहिलं. पुसट ठशाचं नाणं झिजलेलं नसतं, उंच भागावरही त्याची झळाळी शाबूत असते, म्हणून त्याचा झिजेचा दर्जा वरचाच राहावा. पण चित्र नीट उमटलेलं नाही, हे सांगायलाच हवं. ते ताम्रपटांच्या रीतीने वेगळ्या रकान्यात जावं. चॉप मार्कबाबत मात्र मी मागे हटत नाही. पीसीजीएस अशा ट्रेड डॉलरला खूण नोंदवून आकडी दर्जा देते. यादीत 'खराब' लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याला नाणं दाखवलंच नाही.

रोखठोक

काल रात्री ते नाणं काढलं. दहापट भिंग, टेबलावरचा दिवा जवळजवळ आडवा. रेषा कपाळावरून निघून सरळ मोकळ्या जागेत उतरतात आणि दोन्ही काठांना धार आहे, उजेडात पांढरी चमकते. चेपलेली कुठेच नाही. म्हणजे ठसा मारल्यानंतरच कुणीतरी कानस चालवली.

'नाण्यावर लिहिलेलं नसतं' हे माझं वाक्य मागे घेतो. पाकिटावरची चिठ्ठी बदलली: 'नंतर कानसलेलं, कपाळापासून डावीकडे'. चॉप मार्कच्या डॉलरला बिनखुणेच्या नाण्याएवढे पैसे मी अजूनही देणार नाही.