अनंत प्रो-पी गटाचे केंद्र अविकारकापुरतेच उरू शकते का?

प्रश्न:
सांत पी-गटाच्या (ज्याच्या घटकांची संख्या पी या अविभाज्य संख्येचा घात असते; एकच घटक असलेला गट सोडून) केंद्रात, म्हणजे सर्व घटकांशी क्रमनिरपेक्ष असणाऱ्या घटकांच्या संचात, अविकारकाखेरीज आणखी घटक असतातच. पुण्यातील आमच्या अभ्यासमंडळात प्रश्न निघाला, की सांत पी-गटांची इन्व्हर्स लिमिट (एकमेकांशी जोडलेल्या गटांतून, प्रत्येक पायरीवर परस्पर जुळणारे घटक निवडून बनणारा गट) असलेल्या अनंत प्रो-पी गटालाही हे लागू पडते का? प्रत्येक पायरीवर केंद्र आहे, तर मग लिमिटमध्ये ते नाहीसे कसे होईल? शिवाय टोपॉलॉजिकल गटाचे केंद्र नेहमी बंद असते का?

उत्तर १:
आधी दुसरा प्रश्न. गट हाउसडॉर्फ असेल (म्हणजे कोणतेही दोन वेगळे बिंदू न छेदणाऱ्या खुल्या संचांनी वेगळे करता येत असतील), तर केंद्र बंदच असते; कारण ठरावीक घटकाशी क्रमनिरपेक्ष असणाऱ्या घटकांचा संच बंद असतो आणि केंद्र हा अशा सर्व संचांचा छेद आहे. हाउसडॉर्फ ही अट मात्र सोडता येत नाही. तीन वस्तूंच्या क्रमचयांच्या गटाला इनडिस्क्रीट टोपॉलॉजी (जिच्यात रिक्त संच आणि पूर्ण गट एवढेच संच खुले असतात) द्या: केंद्रात फक्त अविकारक आहे आणि तो संच बंद नाही.

उत्तर २:
पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय, केंद्र अविकारकापुरतेच उरू शकते’ असे आहे, आणि त्याचे उदाहरण हाताने तपासता येते. चौरस, अष्टकोन, षोडशकोन अशा सुसम बहुभुजांचे डायहेड्रल गट (त्यांच्या भ्रमण-परावर्तनांचे गट) घ्या. प्रत्येकाच्या केंद्रात अविकारक आणि १८० अंशांचे भ्रमण असे दोनच घटक आहेत. अष्टकोनाच्या गटाकडून चौरसाच्या गटाकडे जाताना ४५ अंशांचे भ्रमण ९० अंशांच्या भ्रमणावर जाते. त्यामुळे १८० अंशांचे भ्रमण, म्हणजे ४५ अंशांचे चार वेळा केलेले भ्रमण, थेट अविकारकावर पोहोचते. प्रत्येक पायरीवर हेच घडते. लिमिटच्या केंद्रातील घटकाची प्रतिमा प्रत्येक पायरीच्या केंद्रातच असली पाहिजे, आणि ती वरच्या पायरीच्या केंद्रातून आलेली असल्यामुळे तिला अविकारक होण्यावाचून गत्यंतर नाही.

म्हणून माझ्या मते खरी अट ‘पी-गट’ ही नसून निलपोटंट वर्गावरील (केंद्राने वारंवार भागत गेल्यास फक्त अविकारक उरेपर्यंत लागणाऱ्या पायऱ्यांच्या संख्येवरील) मर्यादा ही आहे. सर्व सांत भागगटांचे वर्ग एकाच संख्येने मर्यादित असतील, तर संपूर्ण गट निलपोटंट होतो आणि त्याचे केंद्र अविकारकापुरते राहत नाही. वरील गटांचे वर्ग मात्र २, ३, ४ असे वाढतच जातात.

उत्तर ३:
कनेक्टेड (दोन अलग खुल्या तुकड्यांत न विभागता येणाऱ्या) गटांत चित्र अगदी वेगळे आहे, हेही नोंदवावेसे वाटते. तेथे प्रत्येक डिस्क्रीट (ज्यातील प्रत्येक बिंदू इतरांपासून सुटा असतो असा) नॉर्मल (आपल्या घटकांचे सर्व संयुग्म सामावणारा) उपगट केंद्रातच असतो: त्यातील एखाद्या घटकाचे सर्व संयुग्म (घटक x असल्यास gxg⁻¹ या रूपाचे घटक) कनेक्टेड संच बनवतात, आणि डिस्क्रीट उपगटात असा संच एकाच घटकाचा असू शकतो. प्रो-पी गट टोटली डिसकनेक्टेड (ज्यात एकेका बिंदूपलीकडे कनेक्टेड संच नसतात असे) असल्याने ही युक्ती तेथे चालत नाही.